क्ले बार: अंबडच्या धुळीवर खात्रीचा उपाय

आमची पांढरी स्विफ्ट दिवसभर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत उघड्यावर उभी असते. ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा रंगात रुततो, त्याचे बारीक तांबूस ठिपके पडतात आणि शॅम्पूने ते हलत नाहीत. धुतलेल्या बॉनेटवर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खरखर लगेच कळते.

फाइन ग्रेडचा १०० ग्रॅमचा क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, मागवला आणि मनापासून आवडला. गाडी आधी स्वच्छ धुवायची, सावलीत थंड होऊ द्यायची. सगळी वडी एकदम काढू नका, तुकडा तोडून तळहातावर चपटा करा. सोबतचा स्प्रे सढळ हाताने मारायचा, कारण कोरड्या रंगावर क्ले घासला की ओरखडे आलेच. दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल गोल नको. सुरुवातीला तुकडा अडखळतो, आवाजही येतो. मग अचानक काचेवरून सरकावा तसा सरकू लागतो. उलटून पाहिला तर काळपट-तपकिरी मळ! तो आत दुमडून नवी बाजू वर आणायची. तुकडा खाली पडला तर सरळ फेकून द्या, खड्याचा एक कणही रंगाची वाट लावतो.

जुने ओरखडे याने जात नाहीत, त्याला पॉलिशच लागतं. आणि क्लेनंतर वॅक्स हवंच, कारण आधीचा वॅक्सचा थर निघून जातो. नवशिक्यांनी मीडियम, म्हणजे जास्त खरखरीत, ग्रेडच्या वाटेला जाऊ नये. नाशिकच्या पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, एवढं पुरे.