डेटोनाचा पाऊस: शर्यत आटोपावी की सोमवारी घ्यावी?

स्टॉक कार म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या. त्यांचे गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर पकड धरत नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधील डेटोना ट्रॅकची वळणे तर 31 अंशांनी कललेली. त्यामुळे पाऊस लांबला की या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेपुढे दोनच वाटा उरतात: झाली तेवढ्यावर शर्यत संपवायची किंवा ती दुसऱ्या दिवशी, सोमवारी घ्यायची.

2009 मध्ये पहिली वाट निवडली गेली. निम्मे अंतर कापून झाले होते, म्हणून 200 पैकी 152 फेऱ्यांवरच निकाल जाहीर झाला. मॅट केन्सेथने पाऊस येण्याच्या जरा आधी एलियट सॅडलरला मागे टाकले आणि तेवढ्यावर डेटोना 500 ही 500 मैलांची शर्यत जिंकली. नियमाने चोख, पण मला हा निकाल अजूनही अपुरा वाटतो. शेवटच्या फेऱ्यांतली झुंजच झाली नाही, सॅडलरला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही.

2012 मध्ये रविवारी एकही फेरी झाली नाही. ही शर्यत सोमवारवर जाण्याची ती पहिलीच वेळ. लांबून आलेल्या प्रेक्षकांना जास्तीचा मुक्काम, बुडालेली रजा. हा भुर्दंड खरा आहे. त्यातच रात्री हुआन पाब्लो मोंतोयाची गाडी ट्रॅक सुकवणाऱ्या जेट इंजिनच्या वाहनावर आदळली, सांडलेले इंधन पेटले आणि शर्यत सुमारे दोन तास थांबली. मंगळवार लागल्यावर, मध्यरात्रीनंतर ती संपली. जिंकला पुन्हा केन्सेथच! पण या वेळी पूर्ण अंतर धावून, मागच्या गाड्यांना शेवटपर्यंत रोखून.

मी सोमवारच्याच बाजूने. प्रेक्षकांची तिकिटे मात्र दुसऱ्या दिवशीही चाललीच पाहिजेत.