गुहागरच्या वरच्या पाटात सात रात्री: नागपूरकराच्या नजरेतून एका घरगुती निवासाचे परीक्षण

फेब्रुवारीत माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी, पत्नी आणि 76 वर्षांची आई असे तिघे जण कोकणातल्या गुहागरला पोहोचलो आणि तिथल्या वरचा पाट या वस्तीतील एका घरगुती निवासात सात रात्री राहून परतलो. घर तीनच खोल्यांचे आहे आणि स्वयंपाक घरच्या काकू एकट्या करतात, त्यामुळे घराचे नाव लिहून त्यांच्याकडे एकदम गर्दी पाठवणे मला योग्य वाटत नाही. गावात या पद्धतीने चालणारी घरे बरीच आहेत आणि मी जे लिहितो आहे ते त्यांपैकी कुठल्याही घराला लावून पाहता येईल. माझे मत आधीच सांगतो. समुद्रकाठी खरोखर विसावा हवा असेल तर हे घर मी निःशंकपणे सुचवीन. मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाने खोली ठरवण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घेणे आवश्यक आहे.

यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावर गेलो होतो, तेव्हा फोटो पाहून ‘समुद्रदर्शनी’ खोली घेतली आणि प्रत्यक्षात गच्चीवरच्या दोन टाक्यांच्या फटीतून हातभर निळी पट्टी दिसली. त्याहून मोठी चूक आमची स्वतःची होती. तीन रात्रींत पाच ठिकाणे पाहण्याचा बेत आम्हीच आखला होता आणि घरी परतल्यावर आईला आठ दिवस अंथरुणातून उठवले नाही. नागपूरहून कोकणचा किनारा रस्त्याने हजार किलोमीटरच्या घरात आहे. जाण्यायेण्यातच दोन-अडीच दिवस जातात. म्हणून या वेळी एक गाव, एक घर आणि सहाहून कमी रात्री नाहीत, एवढेच ठरवले आणि बाकी काहीही ठरवले नाही.

प्रवासासाठी आम्ही नागपूर–मडगाव विशेष गाडी घेतली. ही गाडी तेव्हा आठवड्यातून दोनदा सुटत असे, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर येत असे आणि चिपळूणला थांबत असे. मुंबईत उतरून, सामान आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन दुसरी गाडी पकडण्याची दगदग तिने पूर्णपणे वाचली. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा सुट्टी मंजूर करून घेण्याआधी गाडीची तारीख पाहावी, हा क्रम उलटा करू नये. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये संपूर्ण 701 किलोमीटर खुला झाल्यापासून आमच्या ओळखीतील अनेक जण मोटारीने जाऊ लागले आहेत. रस्ता उत्तम आहे यात वाद नाही, पण तो संपल्यानंतरही कोकणातील घाट आणि वळणे शिल्लक राहतात आणि गाडी चालवणाऱ्याची सुट्टी दोन दिवस उशिरा सुरू होते. चिपळूणहून गुहागर सुमारे 45 किलोमीटर आहे. आम्ही एसटीने गेलो; आईला अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत तिकीट पडले नाही आणि पत्नीला महिलांच्या सवलतीत अर्धे पडले. वाहकाने विचारण्याआधीच आईने आधार कार्ड काढून हातात धरले होते आणि शृंगारतळी येईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.

घर जांभ्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे. पुढे शेणाने सारवलेले खळे, म्हणजे अंगण, त्यात तुळस, मग ओटी, आणि मागे नारळी-पोफळीचे आगर थेट पुळणीपर्यंत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापर्यंत, उतरलेले. पाहुण्यांच्या तीन खोल्या मूळ घराला लागून नव्याने बांधल्या आहेत. आमची खोली स्वच्छ होती, चादरी उन्हात वाळवलेल्या होत्या आणि स्नानगृहात कमोड होता. त्रास एकच झाला. स्नानगृहाचा उंबरठा वीतभर उंच आहे आणि ओटीवर चढण्याच्या चार पायऱ्यांना धरायला काही नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी आईला दोघांनी दोन्हीकडून हात द्यावा लागला. दुसरी नोंद ‘समुद्र दोन मिनिटांवर’ या वाक्याविषयी. तरण्या माणसाला दोनच मिनिटे लागतात, पण आगरातून जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, उतरती असून मध्ये नारळाची मुळे उघडी पडली आहेत, आणि आईबरोबर तेवढ्याच वाटेला आम्हाला आठ मिनिटे लागत. घरात वयस्कर माणूस असेल तर अंतर मिनिटांत न विचारता वाट कशी आहे, पायऱ्या किती आहेत, हे विचारावे.

उकाड्याबद्दल नागपूरकरांनी थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, म्हणून किनाऱ्यावरचे 33 अंश म्हणजे काहीच नाही असे आपण धरून चालतो. आपले ऊन कोरडे असते. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग निवते, कूलरही याच तत्त्वावर चालतो. समुद्रकाठी हवेत आधीच इतके पाणी असते की घाम वाळत नाही आणि कूलर लावला तर खोली आणखी दमट होते. ‘काहून बापा, इथला घाम वाळूनच नाही राहिला,’ असे आई पहिल्याच दुपारी म्हणाली. उपाय घराने स्वतःच सांगितला. अकरा ते चार बाहेर पडायचे नाही, ओटीवर वाऱ्याच्या बाजूला बसायचे, सुती कपडे घालायचे आणि दर तासाला कोकम सरबत नाही तर शहाळे घ्यायचे. दोन दिवसांत अंग सरावले. त्यामुळेच पहिले दोन दिवस कुठलाही कार्यक्रम ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. ते दिवस शरीराला हवा ओळखायला लागतात.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आगराच्या मागून वर येतो, त्यामुळे सुरूच्या झाडांची आणि माडांची सावली बराच वेळ वाळूवर पडून राहते आणि त्या वेळात चालणे फार सुखाचे होते. सूर्योदय पाण्यातून पाहायला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. संध्याकाळ आपल्यापेक्षा उशिरा होते. गुहागर नागपूरच्या सुमारे सहा रेखांश पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य तेथे जवळपास 24 मिनिटे उशिरा मावळतो. आईच्या सायंप्रार्थनेची वेळ ठरलेली असते, ती आठवडाभर रोज चुकली आणि तिला त्याचे वाईट वाटले नाही.

या मुक्कामात मला सर्वांत उपयोगी पडली ती घरच्या काकांनी सांगितलेली भरतीची रीत. ‘कॅलेंडरात तिथी बघा, तिला पाऊणपट करा, भरतीची वेळ आली हातात,’ असे ते म्हणाले. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आसपास. एका भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने पुढे. आता याचा अर्थ सुट्टी आखणाऱ्यासाठी काय होतो ते पाहा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती दुपारी आणि मध्यरात्री येते आणि सकाळ-संध्याकाळ, म्हणजे नेमक्या फिरायच्या वेळी, ओहोटी मिळते. पुळण रुंद होते आणि ओली वाळू सडकेसारखी घट्ट असते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो, ओल्या वाळूवर तो येत नाही. आई चौथ्या दिवशी काठी न घेता दीड किलोमीटर चालली, ते याच घट्ट पट्ट्यावर. आमच्या शेवटच्या दिवसांत भरती साडेचार-पाचला येऊ लागली, संध्याकाळचा पट्टा अरुंद झाला आणि मग आम्ही सकाळचे चालणे वाढवले. खोलीचे आरक्षण करताना शनिवार-रविवार पाहण्याआधी तिथी पाहावी, असे मी सर्वांना सांगू लागलो आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती जोरदार असते, त्या वेळी पाण्यात उतरू नये, हे काकांनी तीन वेळा बजावले. तेही तितक्याच गांभीर्याने लिहून ठेवतो.

जेवण हा या घराचा खरा आधार आहे. घर शाकाहारी असून सकाळी घावन किंवा आंबोळी आणि नारळाची चटणी, दुपारी भात, आमटी, भाजी, सोलकढी, रात्री कुळथाचे पिठले किंवा खिचडी, अशी साधी रचना होती. पहिल्या दुपारी आईने भीत भीत पोळीची चौकशी केली, तर काकूंनी विचारले, ‘मावशी, तुमच्याकडे ज्वारीची भाकरी खातात ना? पीठ मागवून ठेवते.’ तिसऱ्या दिवशी ताटात ज्वारीची भाकरी होती. ओल्या काजूची उसळ मात्र जन्मभर लक्षात राहील. हंगामाचे पहिलेच काजू होते आणि काकू मागल्या पडवीत बसून ते सोलत होत्या. दोन्ही हातांना खोबरेल फासून त्या एकेक बी उभी चिरत, टोकदार काडीने आतला हिरवट पांढरा गर अलगद उचलत आणि पाण्यात टाकत. टरफलातला चीक कातडी भाजतो. तेल लावूनही त्यांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर तपकिरी डाग पडलेले होते आणि नखांच्या कडा सोलपटल्या होत्या. चार माणसांच्या उसळीला त्यांना दीड तास लागला. त्या उसळीचे ताटामागे वेगळे पन्नास रुपये घेतले याबद्दल शेजारच्या खोलीतील पाहुण्यांनी कुरकुर केली, ती मला अगदी अन्यायाची वाटली.

चवीबद्दल सांगायचे तर आमटीत गूळ असतो, भाजीत खोबरे असते आणि तिखट बेताचे असते. सावजीवर वाढलेल्या जिभेला पहिले दोन दिवस काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. आम्ही घरून लाल मिरचीचा ठेचा नेला होता, तो तिसऱ्या दिवसानंतर उघडला नाही. मासळी हवी असेल तर बाजारपेठेतील खानावळीत जावे लागते. आम्ही दोघे एकदा बांगडा खाऊन आलो, ताजा होता.

फिरणे म्हणून आम्ही एकच दिवस बाहेर पडलो. रिक्षा ठरवून हेदवीला गेलो, दशभुज गणेशाचे दर्शन घेतले आणि तेथून बामणघळ पाहिली. खडकाला पडलेल्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी घुसते आणि उंच उसळते. ओहोटीला गेल्यास नुसती भेग दिसते, म्हणून येथेही तिथीचा हिशेब करूनच निघालो होतो. गोपाळगड, वेळणेश्वर, दाभोळची फेरीबोट हे सारे राहिले आणि ते राहिल्याची चुटपुट लागली नाही. व्याडेश्वराच्या देवळात मात्र आई रोज जाऊन बसत असे.

एक गोष्ट न ठरवता मिळाली. पाचव्या रात्री काकांनी दार वाजवून सांगितले की पहाटे कासवाची पिल्ले सोडणार आहेत. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत अंडी घालतात आणि वनविभागाचे कासवमित्र ती कुंपण घातलेल्या जागेत सांभाळतात. उजाडताना टोपली वाळूवर आडवी केली, तेव्हा राखाडी रंगाची, दोन बोटांवर मावतील एवढी पिल्ले बाहेर आली आणि वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघाली. एक पिल्लू आमच्याच पावलाच्या खड्ड्यात अडकून तीनदा घसरले. कासवमित्राने आम्हाला हात लावू दिला नाही. त्याने स्वतः खड्ड्याची कड पायाने मोडली आणि ते वर आले. तेव्हापासून आई पाण्याजवळ जाताना मागे वळून आपल्या पावलांचे खड्डे पायाने पुसत असे.

उणिवा स्पष्ट सांगतो. डास आहेत आणि खोलीत मच्छरदाणी नाही, मागितल्यावर मिळते. एका रात्री तीन तास वीज नव्हती आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवा चालला, पंखा नाही. मोबाईलला रेंज ओटीच्या एका कोपऱ्यातच मिळते, त्यामुळे ऑनलाइन पैसे देणे दोनदा अडले. रोख रक्कम जवळ ठेवावी. भरतीबरोबर प्लास्टिकच्या बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे पुळणीवर येतात. काका रोज सकाळी पोते घेऊन आपल्या वाटेपुरते वेचतात, पण एकट्या माणसाच्या हातून किती होणार. खोलीचे रात्रीचे 1,800 रुपये, दोन वेळच्या जेवणाचे प्रत्येक ताटाला 200, न्याहारीला 80, असा हिशेब झाला आणि शेवटच्या दिवशी वहीत लिहिलेल्याहून एक रुपयाही जास्त मागितला गेला नाही.

निघताना मी पायऱ्यांविषयी आणि उंबरठ्याविषयी काकांशी सविस्तर बोललो. त्यांनी वाईट वाटून घेतले नाही. आईला पुन्हा एकदा त्या चार पायऱ्या उतरायला लावल्या, ती कुठे हात शोधते ते पाहिले आणि खडूने भिंतीवर खूण केली. होळीनंतर त्यांनी फोटो पाठवला. खुणेच्याच उंचीवर लोखंडी कठडा बसवलेला आहे आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार केला आहे. पुढच्या वर्षीची माघी पौर्णिमा कोणत्या तारखेला येते हे आईने पंचांगात पाहून ठेवले असून, आठ रात्रींसाठी निम्मी रक्कम मी कालच पाठवली.