पंखा झकास, पण तो हवा कुठली ओढतोय ते आधी बघा

वस्तू: नॉक्टुआ एनएफ-एफ१२ इंडस्ट्रियल-पीपीसी, १२० मिमी, ३००० आरपीएम, १२ व्होल्ट. दोन नग.
कुठे लावले: २००७ ची टोयोटा प्रियस (हायब्रीड गाडी), नंतर प्लग-इन, म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज होणारी, करून घेतलेली. मुक्काम चँडलर, ॲरिझोना.
तारे: पाचपैकी साडेचार.

गाडी मी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकानं तिच्यात ४८ व्होल्टचं प्लग-इन किट बसवलेलं होतं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलकार्स नावाच्या गटानं प्रियसमध्ये जास्तीच्या बॅटऱ्या टाकून ती घरच्या प्लगवर चार्ज करून दाखवली. त्यानंतर काही वर्षं अशा किटांची हवा होती. हायमोशनचं ५ किलोवॅट-तासांचं किट त्यातलं नावाजलेलं. २०१२ साली टोयोटानं स्वतःचीच प्लग-इन प्रियस बाजारात आणली आणि किटांचा धंदा हळूहळू बसला. माझ्या किटाचे सुटे भाग आता मिळत नाहीत, त्यामुळे आहे ते जपणं आलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा किती आणि आमच्या उन्हाचा किती, हे सांगणं अवघड आहे.

किटातला नाजूक भाग म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर. मागच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे ४८ व्होल्ट तो दोनशेच्या वर चढवतो आणि प्रियसच्या मूळ बॅटरीला समांतर सोडतो. साडेतीन किलोवॅट पुढे जाताना आठ टक्के जरी वाया गेले, तरी पावणेतीनशे-तीनशे वॅट नुसती उष्णता होते, आणि तीही डिकीच्या तळातल्या बंद कप्प्यात. वर प्रियसची ती उतरती मागची काच, म्हणजे ऊन थेट आत. मी ज्या फॅबमध्ये (चिप बनवायच्या कारखान्यात) काम करते तिथलं पार्किंग उघडं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली राहिलाच नाही. शिफ्ट संपवून गाडीत बसावं तर कप्प्यातली हवा ५८ अंशांवर. रे रोडवर दोन सिग्नल गेले की कन्व्हर्टर स्वतःला बंद करून घ्यायचा आणि गाडी पुन्हा साधी प्रियस. बॅटरी भरलेली, पण उपयोग शून्य!

किटासोबत आलेले पंखे अगदीच लेचेपेचे होते, एकाचं बेअरिंग तर खरखरत होतं. म्हणून हे नॉक्टुआ आणले, साधारण तीस डॉलरला एक. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. काळी फायबरग्लास मिसळलेली बॉडी पिळून बघितली तरी वाकत नाही, आणि चार कोपऱ्यांत तपकिरी रबराच्या गाद्या आहेत, त्यामुळे पत्र्यावर थरथर उतरत नाही. कागदावर तासाला १८६ घनमीटर हवा लिहिली आहे. तो आकडा उघड्यावरचा. हीटसिंकच्या, म्हणजे कन्व्हर्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, दाट पात्यांतून हवा ढकलायची तर बघायचा तो दाब, आणि या मॉडेलचा दाब ७.६ मिमी पाण्याइतका आहे. कॉम्प्युटरचे केस-फॅन म्हणून विकले जाणारे बरेचसे पंखे इथेच मार खातात. त्यांचा वारा पात्यांपाशी येऊन परत फिरतो.

आधी मुद्दाम फक्त पंखे बदलले, जागा तीच ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही कामावरची सवय. हीटसिंक ८५ वर जायचं ते ८१ वर आलं. कन्व्हर्टर दोन सिग्नलऐवजी पाच सिग्नलांनी बंद पडायला लागला. एवढ्यावर परीक्षण लिहिलं असतं तर दोन तारे दिले असते, आणि तो पंख्यावर अन्याय झाला असता.

मी अकोल्याची. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. बंद खोलीत कूलर तीच हवा फिरवत बसतो. माझ्या कप्प्यात नेमकं तेच चाललं होतं. ढोबळ हिशेब करा: पात्यांतून तासाला साठेक घनमीटर हवा खरोखर गेली, तर तीनशे वॅट ती सोळा अंशांनी तापवतात. ५८ ची हवा घेतली तर बाहेर पडते ७४ ची, आणि झाकण बंद असेल तर पुढच्या खेपेला तीच आत. ३२ ची घेतली तर बाहेर पडेल ४८ ची. पंखा दोन्हीकडे तोच.

मग कपड्यांच्या ड्रायरला लावतात ती चार इंची ॲल्युमिनियमची नळी आणली. एक तोंड मागच्या सीटच्या पायांशी, जिथे एसीची गार हवा साचते. पंखे कन्व्हर्टरला हवा ढकलणारे. दुसरी नळी कन्व्हर्टरपासून बंपरच्या आत असलेल्या रबरी पडद्यांच्या झडपेपर्यंत, कारण दार आपटल्यावर केबिनमधली हवा बाहेर पडायची ती वाट. सांधे फॉइल टेपनं बंद केले, कापडी टेप या उन्हात सुटते. काम सुरू करण्याआधी डिकीत डावीकडचा, मूळ बॅटरीची जोडणी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढला आणि हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले. हे ज्याला जमत नसेल त्यानं हात घालू नये, सरळ जाणकाराकडे गाडी न्यावी.

आता एसी दहा मिनिटं चालला की नळीच्या तोंडाशी हवा ३२ ची येते आणि हीटसिंक ५५ च्या आसपास थांबतं. कन्व्हर्टर गावात बंद पडत नाही. आय-१७ वर ब्लॅक कॅन्यन सिटीपासून सनसेट पॉइंटच्या चढाला जुलैत एकदा पडला, पण तो चढच तसा आहे.

नळी बसवताना एक पथ्य पाळा. प्रियसची मूळ बॅटरीसुद्धा केबिनमधलीच हवा घेते, उजवीकडच्या मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून. तुमची नळी त्या जाळीपाशी नेऊ नका. किट चालू असताना मूळ बॅटरीत सतत करंट जात-येत असतो, तीही तापते, आणि उन्हात तिचा पंखा चांगलाच घोंघावतो. सासूबाई आल्या होत्या तेव्हा "एवढा आवाज कशाचा गं?" म्हणत त्यांनी जाळीवर शाल टाकली. मोबाइलवर डॉक्टर प्रियस ॲपमध्ये बॅटरीच्या तापमानाचे तिन्ही आकडे चढताना दिसले म्हणून कळलं. "आई, तिथूनच बॅटरी हवा घेते." "मग आधी सांगायचं ना!" शाल मांडीवर.

अर्धा तारा कापला तो आवाजासाठी. पूर्ण वेगात दोन्ही पंखे मागून गुरगुरतात आणि नवरा रेडिओ वाढवतो. कंट्रोल सिग्नल दिला नाही तर ते कायम पूर्ण वेगातच पळतात, म्हणून हीटसिंकवर ४५ अंशांचा थर्मल स्विच (तेवढं तापल्यावरच पंखे चालू करणारा) चिकटवला आहे.

दुसरी गोष्ट, पंख्यावर १२ व्होल्ट लिहिलंय आणि रेडी झालेल्या, म्हणजे चालू केलेल्या, प्रियसमध्ये लाइनवर १४ च्या आसपास येतात. मधे बारावर बांधून देणारा छोटा रेग्युलेटर टाका. आणि सप्लाय गाडी रेडी असतानाच चालू होणाऱ्या वायरीवरून घ्या. थेट बारा व्होल्टच्या बॅटरीवरून घेतलात, तर उन्हात पार्क केलेल्या गाडीत थर्मल स्विच पंखे काही बंद करायचा नाही आणि डिकीतली ती एवढीशी बॅटरी उतरत जाईल. धुळीच्या वादळात उघड्यावर राहणाऱ्या गाडीसाठी यातलंच आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारं) मॉडेल मिळतं.