बिनालोपो खोऱ्यातील किल्ले : एका बससहलीचे परीक्षण

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील आलिकान्ते शहरातून निघून बिनालोपो नदीच्या खोऱ्यातले पाच मध्ययुगीन किल्ले एका दिवसात दाखवणारी बससहल मी घेतली आणि संध्याकाळी परतताना मनात एवढेच उरले की, आपण पाच वाहनतळ पाहून आलो. सहल चालवणाऱ्यांचे नाव येथे देत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही; या भागात किल्ल्यांच्या सहली बहुधा अशाच विकल्या जातात. त्याच आठवड्यात मी यांतील दोन किल्ले आणि किनाऱ्यावरचा एक टेहळणी बुरूज स्वतंत्रपणे, सावकाश पाहिले. म्हणून हे परीक्षण सहलीचे असले तरी तिने जे वगळले त्याबद्दल अधिक लिहिले आहे.

सहलीचा क्रम नोबेल्दा, पेत्रेर, साक्स, बिल्येना आणि बियार असा होता. बस स्वच्छ होती, वातानुकूलन उत्तम होते आणि मार्गदर्शकाची इंग्रजी कुणालाही समजेल अशी होती. परंतु प्रत्येक ठिकाणी जेमतेम पाऊण तास मिळत होता आणि त्यातील बराचसा वाहनतळापासून दरवाजापर्यंतच्या चढणीतच जात होता. साक्सचा किल्ला गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या सुळक्यासारख्या खडकावर आहे आणि तो ठरावीक वेळीच उघडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा तो बंद होता. पैसे घेणाऱ्याने ही वेळ आधी पाहून ठेवायला हवी होती. त्याऐवजी आम्हाला खालून छायाचित्रे काढण्यास सुचवण्यात आले. दुपारी मोठी विश्रांती आणि सोमवारी सुट्टी ही स्पेनमधील अनेक लहान स्थळांची रीत आहे, त्यामुळे स्वतंत्रपणे जाणाऱ्यानेही नगरपालिकेच्या पर्यटन कार्यालयात वेळ विचारल्याशिवाय निघू नये.

खरी उणीव मात्र वेळेपेक्षा समजुतीची होती. मार्गदर्शकाने प्रत्येक किल्ल्याचा इतिहास सुटासुटा सांगितला. कोणी बांधला, कोणी जिंकला, पुढे चला. वस्तुतः हे किल्ले सुटे नाहीत, ती एक सीमारेषा आहे. मार्च 1244 मध्ये अरागोन या ख्रिस्ती राज्याचा राजा पहिला जाउमे आणि कास्तीय या दुसऱ्या ख्रिस्ती राज्याचा राजपुत्र अल्फोन्सो यांनी बियारजवळच्या अल्मिझ्रा येथे तह केला आणि अजून मुस्लिम सत्तेखाली असलेला प्रदेश आपसांत वाटून घेतला. बियारपासून समुद्रापर्यंतची रेषा ठरली. बियार अरागोनकडे, तर बिल्येना आणि साक्स कास्तीयकडे गेले. बियारचा किल्ला प्रत्यक्षात जाउमेच्या हाती आला तो दीर्घ वेढ्यानंतर, 1245 मध्ये. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी सीमा पुन्हा सरकली आणि आलिकान्ते, एल्दा, नोबेल्दा हा भाग अरागोनच्या राजाकडे आला, पण बिल्येना आणि साक्स कास्तीयकडेच राहिले. बिल्येना आलिकान्ते प्रांतात सामील झाले ते थेट 1836 मध्ये. एवढे कळले की, आठ-दहा किलोमीटरच्या अंतरावर एवढे बुलंद किल्ले एकमेकांकडे रोखून का उभे आहेत, हा प्रश्न आपोआप सुटतो. बसमध्ये दोन थांब्यांच्या मधला वेळ रिकामाच होता. तेथे एक नकाशा उघडून हे सांगितले असते, तर दिवस सार्थकी लागला असता.

दुसऱ्या खेपेस मी आलिकान्तेहून प्रादेशिक रेल्वेने बिल्येनाला गेलो. बिल्येनाच्या नावाची दोन स्थानके आहेत, हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. जुने स्थानक गावात आहे, तर अतिजलद गाड्यांचे नवे स्थानक काही किलोमीटर दूर, शेतांच्या मधोमध आहे आणि तेथे चुकून उतरणाऱ्याची अर्धी सकाळ वाया जाते. गावातील स्थानकापासून किल्ला चालत जाण्याजोगा आहे. त्याचे नाव आतालाया, म्हणजेच टेहळणीची जागा. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आला. बाराव्या शतकात, अल्मोहाद या उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम घराण्याच्या राजवटीत येथील मुख्य बुरुजाचे खालचे दोन मजले उभे राहिले. पंधराव्या शतकात बिल्येनाचे सरदार असलेल्या पाचेको घराण्याने त्यांवर आणखी दोन मजले चढवले.

ही दोन बांधकामे वेगळी ओळखण्यासाठी पुस्तक लागत नाही, भिंतीजवळ जाऊन उभे राहिले की पुरते. खालचा भाग फळ्यांच्या साच्यात माती, चुना आणि खडी थरावर थर ठासून केलेला आहे. साच्याला आधार देणाऱ्या आडव्या लाकडांची चौकोनी भोके अजून रांगेने दिसतात आणि एका फळीची उंची कोठे संपली, दुसरी कोठे सुरू झाली, हे बोट फिरवून सांगता येते. वर मात्र दगड सुरू होतो. एका भिंतीत दोन धर्मांचे, दोन राज्यांचे गवंडी एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. सहलीच्या दिवशी मी या भिंतीला पाठ लावून समूहछायाचित्रासाठी उभा होतो आणि तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

आत गेल्यावर जिना भिंतीच्या जाडीतूनच वर जातो. पायऱ्या उंच, अरुंद आणि काही ठिकाणी झिजलेल्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करूनच चढावे. आतील भिंतींवर येथे डांबलेल्या कैद्यांनी कोरलेल्या आकृत्या आणि रेघोट्या आहेत. समोरून पाहिल्यास त्या दिसत नाहीत. खिडकीतून तिरपा उजेड पडेल अशा बेताने बाजूला सरकून उभे राहावे लागते, मग गिलाव्यातून एकेक रेघ वर येते. अशा गोष्टीला दहा मिनिटे द्यावी लागतात. गच्चीवरील गोल सज्जे सुबक आहेत, चर्यांमधून दिसणारे खोरे त्याहून अधिक. गावातील संग्रहालयात 1963 मध्ये सापडलेला कांस्ययुगीन सुवर्णठेवा आहे, त्याचे वजन दहा किलोच्या जवळपास भरते. तो किल्ल्याहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी जुना असला, तरी टाळू नये.

बियारला रेल्वे नाही. बिल्येनाहून टॅक्सीने ते सात-आठ किलोमीटरवर आहे आणि माझ्या मते या संपूर्ण खोऱ्यात एकच किल्ला पाहायचा झाल्यास हाच पाहावा. तो आकाराने लहान आहे. दुहेरी तटबंदी, मध्ये तीन मजली चौकोनी बुरूज, बस्स. पण त्या बुरुजाच्या दुसऱ्या मजल्यावर मान वर केली की, अल्मोहाद कारागिरांनी रचलेले घुमटाकार छत दिसते. त्यातील कमानींच्या फासळ्या एकमेकींना छेदत जातात, परंतु मध्यबिंदूत एकत्र न येता तेथे मोकळी जागा सोडतात, त्यामुळे एका अंधाऱ्या लष्करी खोलीला अनपेक्षित नक्षी लाभते. या पद्धतीच्या छतांपैकी स्पेनमध्ये टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या छतांत याची गणना होते. स्थानिक मार्गदर्शक बाईंनी दिवा विझवला, आम्हाला डोळे सरावेपर्यंत गप्प राहण्यास सांगितले आणि मगच बोलण्यास सुरुवात केली. आठवड्यातील सर्वोत्तम मार्गदर्शन तेच होते आणि त्यासाठी मोजलेली रक्कम बससहलीच्या तुलनेत किरकोळ होती.

नोबेल्दाविषयी थोडक्यात लिहितो. तेथील ला मोला किल्ल्याचा चौदाव्या शतकातील बुरूज त्रिकोणी आहे. तीनच कोपरे असलेला बुरूज फार विरळा आणि बाहेरून त्याला एक प्रदक्षिणा घातली पाहिजे, कारण प्रत्येक पावलागणिक त्याची जाडी बदलल्यासारखी वाटते. बहुतेक पर्यटक मात्र त्याच्या शेजारच्या विसाव्या शतकातील, रंगीत खड्यांनी मढवलेल्या प्रार्थनामंदिराकडेच कॅमेरे वळवतात. आलिकान्ते शहरातील सांता बार्बारा किल्ला 166 मीटर उंच टेकडीवर आहे. प्रवेश विनामूल्य आहे आणि समुद्रकिनाऱ्याजवळून डोंगराच्या पोटातून वर नेणाऱ्या लिफ्टला थोडे शुल्क पडते. 4 डिसेंबर 1248 रोजी, संत बार्बाराच्या दिवशी तो कास्तीयच्या फौजेने घेतला, म्हणून हे नाव. दृश्य अप्रतिम, पण आजचे बरेचसे बांधकाम सोळाव्या शतकातील आणि त्यानंतरचे आहे.

किनाऱ्यावरील टेहळणी बुरुजांबाबतही असाच खुलासा करणे भाग आहे. सहलीच्या माहितीपत्रकात त्यांना ‘मध्ययुगीन’ म्हटले होते, ते चूक आहे. आलिकान्ते ज्यात येते त्या वालेन्सिया प्रदेशाच्या किनाऱ्यावरील बहुतेक बुरूज सोळाव्या शतकात, उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या सागरी हल्लेखोरांच्या भीतीपोटी उभारले गेले. 1550 मध्ये ऑटोमन चाचा द्रागुत याने कुयेरा हे किनाऱ्यावरचे गाव लुटल्यानंतर ही साखळी घट्ट करण्यास वेग आला आणि स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याच्या काळात इटालियन अभियंता आन्तोनेली याने किनाऱ्याच्या संरक्षणाची आखणी केली. दिवसा धूर, रात्री जाळ, अशी खूण एका बुरुजावरून दुसऱ्यावर जाई आणि दोन बुरुजांमधला किनारा घोडेस्वार पाहून येत. अशा बुरुजांचे दार बहुधा जमिनीपासून बऱ्याच उंचीवर असते. आतील माणूस शिडी वर ओढून घेई. किल्ल्यात फौज असते, येथे मात्र दोन-चार माणसे, थोडे सरपण आणि नजर.

मी एल काम्पेल्यो येथील बंदराजवळचा बुरूज पाहिला. आलिकान्तेहून ट्रामने तेथे सहज जाता येते आणि तो बाहेरून पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा हा गोल बुरूज आज हॉटेलांच्या आणि होड्यांच्या गर्दीत काहीसा हरवल्यासारखा दिसतो. त्याच्या पायथ्याशी बसून मी दक्षिणेकडे पाहिले. किनारा वळत वळत आलिकान्तेच्या टेकडीपर्यंत गेलेला होता आणि सूर्य मावळल्यावर सांता बार्बाराच्या तटावरचे दिवे लागले, ते येथून स्पष्ट दिसले.