दोन ‘त्राविआता’: पहिली कोणती घ्यावी?

इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा ‘ला त्राविआता’ घरी बघायचा ठरवला की दोन चित्रीकरणांची नावं हटकून पुढे येतात. एक 1994 चं, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहातलं. दुसरं 2005 चं, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग संगीत महोत्सवातलं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे (‘मेट’चे) प्रयोग पडद्यावर बघून ज्यांना गोडी लागली आणि आता एखादी डिस्क घरात असावी असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी पहिली 1994 चीच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण गाण्याइतकंच गोष्टीत आहे.

व्हायोलेटा पॅरिसमधली, क्षयाने पोखरलेली, श्रीमंतांच्या पैशावर जगणारी. प्रियकर अल्फ्रेदोसाठी ती सगळं सोडते. मग त्याचा बाप, जेरमाँ, येतो आणि घराण्याच्या अब्रूसाठी माझ्या मुलाला सोड म्हणतो. या दोघांचा प्रवेश म्हणजे या ऑपेराचं काळीज. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट बहुतेक वेळा थबकते, गायक रंगतो, वन्स मोअर घेतो. इथे मात्र गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते: आधी नकार, मग विनवणी, मग हळूहळू खचत जाणं आणि शेवटी होकार. सबटायटल्स वाचत असताना समोरचं चित्र त्या शब्दांना साथ देणारं हवं.

1994 मध्ये ते तसं आहे. दिग्दर्शक रिचर्ड आयर यांनी नाटक त्याच्याच काळात ठेवलंय. दिवाणखाना दिवाणखान्यासारखा, पलंग पलंगासारखा. अँजेला गिओर्गिऊची कॉव्हेंट गार्डनमधली ही पहिलीच व्हायोलेटा. तिची इतकी हवा झाली की बीबीसीने ठरलेले कार्यक्रम बाजूला सारून प्रयोग थेट दाखवला. ‘जितकं मी तुझ्यावर करते तितकं माझ्यावर प्रेम कर, अल्फ्रेदो’ ही ओळ जरूर ऐका. सुरावट सुरुवातीच्या वाद्यवृंदात आपण ऐकलेलीच असते, पण तिथे ती मऊ होती. इथे वाद्यवृंदाचे संचालक जॉर्ज शोल्टी, वयाच्या 82 व्या वर्षी, खालून वाद्यं अशी चढवत आणतात की ती ओळ अंगावर येते. आणि लिओ नुच्ची! त्याचा जेरमाँ दुष्ट वाटत नाही, काळजीत पडलेला बाप वाटतो. म्हणूनच व्हायोलेटाची हार जास्त लागते. अल्फ्रेदो झालेला फ्रँक लोपार्दो मात्र मला थोडा फिकाच वाटतो.

इथे 2005 बाजी मारते. रोलांदो व्हियाझोनचा अल्फ्रेदो आतून पेटलेला आहे, आणि आना नेत्रेब्कोबरोबर त्याचे प्रवेश खरोखरच दोन माणसांमधले वाटतात. दिग्दर्शक विली डेकर यांनी रंगमंच जवळजवळ रिकामा केलाय: एक वळलेली फिकट भिंत, एक प्रचंड घड्याळ, लाल पोशाखातली व्हायोलेटा. बाकी सगळे, कोरसमधल्या बायकासुद्धा, पुरुषी काळ्या सुटात. पडदा उघडल्यापासून एक म्हातारा गप्प बसून तिची वाट बघतोय. तो डॉक्टरही आहे आणि मृत्यूही. पुढे तेच घड्याळ जुगाराचं टेबल होतं. हे सगळं विलक्षण आहे, पण शब्द सांगतात पॅरिसची मेजवानी आणि डोळ्यांना दिसते भिंत. नवख्या प्रेक्षकाचा तिथे गोंधळ होतो. गोष्ट आधी माहीत असेल तर मात्र हीच रिकामी जागा बोलू लागते. छबिलदासच्या प्रायोगिक परंपरेतली नाटकं ज्यांनी आवडीने पाहिली, त्यांनी माझं न ऐकता थेट 2005 घ्यावी. टॉमस हॅम्पसनचा जेरमाँ देखणा आणि ताठ आहे. व्हेर्दीसाठी मला तो आवाज जरा हलका वाटतो.

चित्राच्या स्पष्टतेत 2005 सरळ वरचढ. 1994 चं चित्र त्या काळच्या टीव्हीचं, मोठ्या स्क्रीनवर मऊ दिसणारच. आवाजाबाबत दोन्हींना एकच सूचना. ऑपेराची सुरुवात व्हायोलिनच्या अगदी बारीक, हळू सुरांनी होते. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर, पंख्याच्या घरघरीत आणि खालच्या रिक्षांच्या आवाजात त्यातलं निम्मं हरवतं. दोन बरे स्पीकर नाहीतर चांगला हेडफोन लावा आणि मेनूत स्टिरिओ ट्रॅक निवडा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये सराउंडच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

काळाघोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा दुकानात चाळून घेणं आता अवघड. बहुधा बाहेरूनच मागवावं लागेल. ऑर्डर देण्याआधी रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा क्रमांक किंवा अक्षर, बघा. भारताचा डीव्हीडीसाठी 5 आणि ब्लू-रेसाठी सी. ऑपेराच्या पुष्कळ डिस्क सर्व रीजनना चालतात, पण विकणाऱ्याकडून तेवढं लिहून घ्यावं. आणि घरातला प्लेअर फक्त डीव्हीडीचा असेल तर ब्लू-रे त्यात चालणार नाही.