गॅस गिझर की इलेक्ट्रिक? थंडीच्या आधी ठरवताय तर हे बघा

दिवाळी झाली की ठाणे-नवी मुंबईत सकाळचं टाकीचं पाणी अंगावर घ्यायला नको वाटतं आणि मग सगळ्यांना एकदमच गिझर आठवतो, नेमका तेव्हाच इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. त्यामुळे ठरवायचं तर आत्ताच ठरवा. आणि बिलाचा हिशोब नंतर, आधी गिझर लागणार कुठे ते बघा, माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो.

पाइपचा गॅस आहे आणि उघडी ड्राय बाल्कनी आहे, तर गॅस गिझर बिनधास्त घ्या. साधा ६ लिटरवाला मिनिटाला तेवढं गरम पाणी देतो, बादली अडीच-तीन मिनिटांत भरते, चौथा माणूस आंघोळीला गेला तरी पाणी संपत नाही. लाइट गेली तरी चालतो कारण ठिणगीला सेल असतात. फक्त घेताना पीएनजीचाच, म्हणजे पाइपच्या गॅसचाच मागा, सिलिंडरवाल्याचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे असतात, तो तसाच जोडून चालत नाही. आणि लाइन गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच वाढवून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नको.

पण जागा फक्त बाथरूममध्येच असेल तर गॅस गिझर नकोच, कितीही स्वस्त पडला तरी नको. दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद, अशात ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळतीचा वास येतो कारण गॅसमध्ये वासाचं रसायन मुद्दाम घातलेलं असतं, या विषारी वायूला ना वास ना रंग. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी उघडायच्या आत माणूस खाली पडतो. जुन्या सिडको घरांत बाथरूमची खिडकी बऱ्याचदा डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, ती "खिडकी आहे ना" म्हणून धरू नका, डक्ट म्हणजे मोकळी हवा नाही. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर यावर वाद घालायचाच नाही.

आता खर्च. १५ लिटरची बादली २२ वरून ४० अंशांवर न्यायची तर विजेच्या एका युनिटमध्ये साधारण ३ बादल्या होतात आणि गॅसच्या एका एससीएममध्ये (गॅसच्या बिलातलं एकक, एक घनमीटर गॅस) साधारण २५. दोन्ही बिलं शेजारी ठेवा, एससीएमचा दर युनिटच्या दराच्या आठपटीपेक्षा कमी असेल तर गॅस स्वस्त. महावितरणचा दर स्लॅबने चढतो, म्हणून युनिटचा दर बघताना तुम्ही ज्या वरच्या स्लॅबमध्ये जाता तो धरा, सरासरी नको.

इलेक्ट्रिकमध्ये परत दोन प्रकार. ३ लिटरचा ३००० वॉटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी वाहतानाच तापवणारा, स्वस्त आणि छोटा, पण बादली भरायला सहा-सात मिनिटं घेतो, एकट्या-दुकट्याला ठीक आहे. चौघांच्या घरात सकाळी ७ ची लोकल पकडायची असेल तर १५ लिटरचा स्टोरेजच घ्या, म्हणजे टाकीत पाणी तापवून ठेवणारा, वीसेक मिनिटांत तापतो आणि थंड पाणी मिसळून एका टाकीत दोन बादल्या होतात. दोन्हीला १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात नाही.

वरच्या मजल्यावर टाकीच्या अगदी खाली राहत असाल तर प्रेशर कमी असतं आणि गॅस गिझर पेटतच नाही, तिथे स्टोरेज बरा. उलट टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर प्रेशर भरपूर, तिथे गिझरची टाकी ८ बारची (बार म्हणजे दाबाचं एकक) आहे का विचारा.

जुना स्टोरेज घरात असेल तर लगेच फेकू नका. टाकी गळत असेल तर खर्च करू नका, नवीनच घ्या. बाकी एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बंद करणारा भाग) बदलता येतो. घोडबंदर रोडला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे दरवर्षी उघडूनच घ्या, एलिमेंटवर पांढरा खरखरीत थर बसलेला असतो, स्क्रू ड्रायव्हरने टोचला की पापुद्रे गळून पडतात, त्या थरामुळेच पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. टाकीऐवजी तो झिजतो, पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला.

जुना गॅस गिझर असेल तर ज्योत बघा. निळी असली पाहिजे. पिवळी दिसली तर बर्नर साफ होईपर्यंत वापरू नका, सेल नवीन घाला आणि रबरी नळीवर छापलेली तारीख संपली असेल तर नळीही बदला.