ब्लाउज ३८, ब्रा ३४: काउंटर, ट्रायल रूम की ऑनलाइन?

पुण्याची तुळशीबाग असो, दादर असो की तालुक्याच्या गावातलं होजिअरीचं दुकान, ब्राची खरेदी दोन मिनिटांत उरकते. ‘नंबर काय, ताई?’ ‘अडतीस.’ फळीवरून खोका निघतो, पांढरी की स्किन एवढंच विचारलं जातं आणि माल पिशवीत पडतो. कप कोणता, हा प्रश्नच येत नाही. स्वस्त मालात बहुतेक सगळं बी कपातच असतं. मग वर्षभर खांद्यावर वळ उठतात, पाठीमागचा पट्टा वर चढतो, हात वर केला की खालून सगळं निसटतं, आणि दोष दिला जातो कंपनीला.

दोष बहुतेक वेळा त्या ‘अडतीस’ला असतो. हा आकडा येतो शिंप्याकडून. ब्लाउजचं ३८ म्हणजे छातीचा सगळ्यात भरलेल्या जागी घेतलेला घेर. ब्राचा नंबर मात्र छातीच्या खालच्या घेरावरून ठरतो आणि वरच्या घेराचा हिशेब कपाच्या अक्षरात जातो. दोन वेगळी मापं, आकडे मात्र सारखेच दिसणारे, म्हणून घोटाळा.

एक उदाहरण नीट पाहू. ब्लाउज ३८ इंच, छातीखालचा घेर ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडच्या तक्त्यात ७३ ते ७७ सेंटिमीटरला ३४ नंबर बसतो. वर ३८, नंबर ३४, फरक ४ इंच, म्हणजे डी कप. एकेका इंचाला एकेक अक्षर पुढे: १ ला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. झाली ३४ डी. काही तक्त्यांत तीच ३४ डीडी निघते. या बाई दुकानातून आणतात ३८ बी. गंमत अशी की ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी या तिन्हींच्या कपांत जवळपास तेवढीच जागा असते, कारण कपाचं अक्षर पट्ट्याच्या नंबराप्रमाणे लहानमोठं होतं. म्हणून ३८ बी घातली की कप ‘बरोबर’ वाटतो आणि चूक लक्षातच येत नाही. पण तिचा पट्टा ८३ ते ८७ सेंटिमीटरच्या घेरासाठी आहे, निदान ७ सेंटिमीटर सैल. सैल पट्टा भार पेलत नाही, सगळं ओझं खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतं. ते ओढून घट्ट केले की मागचा पट्टा आणखी वर सरकतो. वळ उठतात ते असे.

लेबल नीट वाचलं तर हे तिथेच कळतं. बऱ्याच ब्रांवर दोन आकडे असतात: ३४ आणि ७५, ३६ आणि ८०, ३८ आणि ८५. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. मग चौतीस कुठून आले? खालच्या घेरात ४-५ इंच मिळवून नंबर काढायच्या जुन्या पद्धतीतून. सेंटिमीटरचा आकडा शरीराचा, इंचाचा आकडा नुसता नावाचा. दुकानात आधी सेंटिमीटर बघा.

माप घरीच घ्या, शिंप्याची कापडी टेप पुरते. पातळ, पॅड नसलेली ब्रा घालून आरशासमोर उभं राहायचं. छातीच्या बरोबर खाली टेप आडवी धरायची, पाठीमागे ती खाली घसरलेली नको, आणि श्वास सोडून घट्ट माप घ्यायचं. दुसरं माप भरलेल्या जागी, टेप नुसती टेकवून, न दाबता. स्तन ओघळलेले किंवा मऊ असतील तर कमरेत वाकूनही एक माप घ्यावं, उभ्याचं कमी भरतं; दोन्हींचा मध्य धरावा. पाळी येण्याआधीच्या दिवसांत सूज असते, तेव्हाचं माप फसवं. एक बाजू मोठी असणं अगदी नेहमीचं आहे. कप मोठ्या बाजूचा घ्यायचा.

आता खरेदीच्या वाटा. होजिअरीच्या काउंटरवर साधी सुती ब्रा उत्तम आणि स्वस्त मिळते, हे मान्य करायलाच हवं. घामाच्या दिवसांत, स्वयंपाकघरात, रात्रपाळीत तिच्याइतकं सुखाचं काही नाही. पण तिथे ट्रायल नाही, सी-डी कप मागितला तर ‘एक नंबर मोठा घ्या ना’ हे उत्तर ठरलेलं, आणि वर सांगितलेल्या हिशेबात हा सल्ला म्हणजे नेमका उलटा इलाज. कप घट्ट होतोय तर अक्षर वाढवायचं, नंबर नाही. काउंटरवाल्याकडून घ्यायचीच तर आधी एकच नग घ्यावा, लेबल न काढता घरी घालून पाहावा, बदलून देणार का हे पैसे द्यायच्या आधी विचारावं. सुती ब्राचं कापड ताणत नाही, ताण फक्त मागच्या इलॅस्टिकच्या तुकड्यात असतो. तो तुकडा दोन बोटांएवढाच असेल तर श्वास घेतल्यावर काचणार.

ट्रायल रूम असलेलं दुकान हाच माझ्या मते पहिल्या खरेदीसाठी खरा मार्ग, महाग पडलं तरी. जिथे सेल्सगर्ल टेप घेऊन आत येते तिथे तिचं माप ऐकावं, पण निकाल अंगावरच्या ब्राने द्यावा. काही जणी दुकानात शिल्लक असलेल्या मालाप्रमाणे नंबर सांगतात, हेही ध्यानात ठेवावं. शेल्फवर ३४ डी नसली की ३६ सी पुढे येते.

आत गेल्यावर एक युक्ती करून पाहा. ब्रा उलटी घाला, कप पाठीवर आणि हुक पुढे. म्हणजे कप रिकामे राहतात आणि पट्ट्याचं खरं माप कळतं. आता काचत असेल तर पट्टाच लहान आहे. सुखाचा वाटला आणि सरळ घातल्यावर काचायला लागला, तर कप लहान आहे, पट्टा नाही. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी जणी मोठ्या नंबराकडे जातात.

सरळ घालताना पुढे वाकायचं, हुक लावायचे आणि काखेकडचा भाग हाताने पुढे कपात ओढून घ्यायचा. ही शेवटची पायरी गाळली की कप मोठा असल्याचा भास होतो. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे. आतल्या दोन रांगांचे हुक पुढच्या महिन्यांसाठी, इलॅस्टिक सैलावेल तेव्हा लागतील. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर बसली तर तिला पुढे जायला जागाच नाही. पट्टा पाठीवर जमिनीला समांतर हवा, खाली दोन बोटं जावीत, मूठ नाही. वायर असेल तर ती स्तनाच्या घडीत बसावी, स्तनाच्या मांसावर नाही, आणि दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकलेला हवा. तो अधांतरी राहिला तर कप लहान. कपाच्या वरच्या काठाला फुगवटा आला, टी-शर्टमधून चार गोळे दिसले, तरी कप लहानच.

वरून कप पोकळ राहिला तर मात्र लगेच लहान अक्षर घेऊ नका. स्तन खालून भरलेले आणि वरून उतरते असतील तर साच्यात घडवलेला उंच पॅडेड कप वरून पोकळच राहणार, कोणतंही अक्षर घ्या. त्यांना कमी उंचीचा, बाजूने आत ढकलणारा कप बसतो, किंवा दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला बिनपॅडचा. मोठ्या कपांसाठी हे शिवणीचे कप साच्याच्या कपांपेक्षा केव्हाही चांगले. शिवण टी-शर्टमधून दिसते एवढीच तक्रार, आणि साडीत तर तीही नाही.

पट्टे खांद्यावरून घसरत असतील तर त्यांना आखूड करण्याआधी मागे पाहा. मागचा पट्टा सैल असला की खांद्याचे पट्टे बाहेरच्या बाजूला जातात. उतरते खांदे असतील तर खांद्याचे पट्टे मागे एकमेकांच्या जवळ जोडलेली ब्रा घ्यावी.

ऑनलाइनची खरी जमेची बाजू म्हणजे ३२ ई किंवा ३६ एफसारखी मापं, जी गल्लीतल्या दुकानात दिसत नाहीत. पण तक्ता त्या ब्रँडचाच बघायचा. ब्रिटिश ब्रँडमध्ये डीनंतर डीडी, ई, एफ, एफएफ असा क्रम येतो, अमेरिकन लेबलवर डीडीनंतर डीडीडी येतं, आणि फ्रान्सहून कुणी आणली तर आपल्या ३४ च्या जागी ९० लिहिलेलं असतं. घरी आली की घालण्याआधी पट्टा टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी पूर्ण ताणा आणि मोजा. खालच्या घेरापेक्षा इंच-दोन इंच जास्त भरला तर ठीक. ३० च्या घेराला तो ३५ पर्यंत ताणला जात असेल, तर तक्ता काहीही म्हणो, एक नंबर खाली आणि एक अक्षर वर जा. एस-एम-एलमध्ये विकल्या जाणाऱ्या ब्रालेट घरी लोळायला छान, पण डीच्या पुढच्या कपाला त्यात आधार मिळत नाही.

पट्टा थोडा घट्ट आणि कप अचूक असेल तर ब्रा परत पाठवू नका. हुकांचा एक्स्टेंडर, म्हणजे पट्टा लांबवणारा जोडतुकडा मिळतो, फक्त हुकांची संख्या आणि अंतर जुळलं पाहिजे. सैल पट्टा शिंपी हुकाजवळ कापून आत घेऊन देतो. दोन्ही बाजू मिळून ४-५ सेंटिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त घेतलं तर कप काखेकडे ओढले जातात.

टिकण्याचं गणित धुण्यात आहे. गरम पाणी, ड्रायर आणि पिळणं यांनी इलॅस्टिक मरतं. हुक लावून, साध्या पाण्यात हाताने धुवावी, टॉवेलमध्ये दाबावी आणि दोन कपांच्या मधून दोरीवर टाकावी. पट्ट्यांनी लटकवली तर ओल्या वजनाने पट्टेच लांबतात. मशीनमध्ये जाळीच्या पिशवीशिवाय टाकलेली वायर पहिल्यांदा काखेच्या टोकाला बाहेर येते. रोज एकच घालू नका, तीन आलटून पालटून वापरल्या तर इलॅस्टिकला परत आकसायला दिवस मिळतो.

आणि ब्लाउज शिवायला टाकायचा असेल तर ब्रा आधी बदला, माप नंतर द्या. पट्टा घट्ट झाला की छाती वर येते आणि टक्सचं टोक सरकतं. जुन्या सैल ब्रावर मापलेला ब्लाउज नव्या ब्रावर मुंढ्याशी ओढतो आणि टक्सचं टोक खाली रिकामं पडतं. साच्याची पॅडेड घालणार असाल तर छातीचा घेर वेगळा भरतो, म्हणून शिंप्याकडे जाताना तीच ब्रा अंगात हवी. गळा मागून खोल असेल तर खांद्याच्या शिवणीत बटणाची छोटी पट्टी लावून मागा; ब्राचा पट्टा त्यात अडकतो आणि पदर सारखा सावरावा लागत नाही.